होडीवर चप्पल चढत नाही

वय झालं म्हणे

"वय झालं" असं माझ्यासमोर कुणी म्हटलं की मी उठून जातो. उठायला वेळ लागतो, कारण माझ्या उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता नाहीत. पण उठतो. दुकानात असो, लग्नाच्या मांडवात असो. बायको म्हणते, अहो, माणसं सहज बोलतात. सहजच बोलतात, म्हणून तर माझी बोटं गेली.

मी मांडवीचा. नाव वसंत. होडीवर तांडेल, म्हणजे होडी कुठे न्यायची, जाळं कुठे सोडायचं आणि वारा फिरला की केव्हा माघारी वळायचं ते ठरवणारा. होडी बापाची होती, मग आम्हा दोघा भावांची झाली. सुकाणूवर मी, इंजिनावर धाकटा मनोहर, असंच सगळं आयुष्य गेलं. मला लिहायची सवय नाही. पण आमच्या वाडीत दर घराआड एक माणूस असा आहे की ज्याच्या पायाला मुंग्या येतात आणि जो गप्प बसतो. त्याच्यासाठी लिहितोय. वाचून त्याला माझा राग आला तरी चालेल.

मुंग्या मलाही येत होत्या. कित्येक दिवस येत होत्या. तहान अशी लागायची की कळशीच तोंडाला लावावी. होडीवर पाण्याचा कॅन सगळ्यांचा असतो, मी एकटाच निम्मा संपवायचो आणि खलाशी आपसात हसायचे. सकाळी हाताची बोटं सुजलेली असायची, जाळ्याची गाठ मारता यायची नाही. खांदा वर जायचा नाही. अंगात सदा एक बारीक कणकण. शालन, म्हणजे माझी बायको, मागे लागली म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात गेलो. त्या माणसानं माझ्या तोंडाकडे बघितलं, वय विचारलं, आणि म्हणाला, आता एवढं चालायचंच काका. दुखण्याच्या गोळ्या दिल्या. बोटातून एक थेंब रक्त काढून बघावं असं त्याला सुचलं नाही. वय विचारूनच औषध द्यायचं असेल तर डॉक्टर कशाला हवा, ते काम आमच्या वाडीतली कुठलीही म्हातारी फुकटात करते.

मग सगळ्यांनी तेच धरलं. मनोहर म्हणाला, दादा, वय झालं. शेजारी म्हणाले. मीसुद्धा म्हणायला लागलो. मुंग्या आल्या की पाय झटकायचा आणि हसायचं.

शिंगाळा

आमच्या होडीवर चप्पल चढत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडी म्हणजे आमची लक्ष्मी. तिच्यावर पाय ठेवायचा तो धुऊन आणि अनवाणी. चपला जेटीवर काढायच्या, मग फळीवरून चढायचं. मालक असो, पाहुणा असो, अधिकारी असो. एकदा एक साहेब बुटांसकट चढला होता, तेव्हा मीच त्याला हाताला धरून खाली उतरवला होता आणि मग समुद्राच्या पाण्यानं फळ्या धुतल्या होत्या. का, असं कुणी विचारत नाही. बाप करत होता, आम्ही करतो.

शिमगा होऊन गेला होता. त्या दिवशी जाळ्यात शिंगाळा भरपूर होता. ज्यानं हा मासा हाताळलाय त्याला त्याचा काटा माहीत आहे. पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन, करवतीसारखे. तो काटा लागला की धडधाकट खलाशीसुद्धा आयशीला हाक मारतो. आम्ही मासे निवडत होतो, फळ्यांवर सगळीकडे शिंगाळाच शिंगाळा, आणि मी अनवाणी त्यातून इकडून तिकडे फिरत होतो. एक काटा माझ्या तळपायात घुसला आणि आतच मोडला. तो केव्हा घुसला हे मी आजही सांगू शकत नाही, कारण मला कळलंच नाही.

त्या काट्यावर मी चाललो. घरी, बाजारात, पुन्हा होडीवर. काही दिवस गेले. एक दिवस शालन केर काढत होती. ती थांबली आणि म्हणाली, मासळी कुठे सांडलीय काय हो, वास येतोय. घरात मासळी नव्हती. तिनं चुलीमागे बघितलं, बादलीत बघितलं, मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा पाय उचलून मांडीवर घेतला. पदर नाकाला लावावा असं तिला वाटलं असणार, पण तिनं तो लावला नाही. हे मी विसरणार नाही.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिनं चिमट्यानं काटा बाहेर काढला आणि ताटलीत ठेवला. मी ते असं बघत होतो, जणू पाय दुसऱ्या कुणाचा आहे. मग तिनं एक बारीक दोरा घेतला, आमच्या गळाच्या दोरीसारखा, आणि म्हणाली, काका, डोळे मिटा, तळपायाला लागलं की हो म्हणा. मी डोळे मिटले. वाट बघत राहिलो. शेवटी मीच म्हटलं, "बाई, सुरू करा की."

ती म्हणाली, "काका, झालं."

मग बोटाला सुई टोचली. आकडा बघून नर्सनं मशीन पुसलं आणि पुन्हा सुई टोचली. आकडा तोच. डॉक्टरीणबाई म्हणाली, हा मधुमेह आज झालेला नाही, वर्षानुवर्षं अंगात आहे, त्यानं पायाच्या नसा मारल्यात. मुंग्या येत होत्या ना, असं तिनं विचारलं. मी मान हलवली. तहान लागत होती? हलवली. मग आला का नाहीत आधी, असं ती चिडून म्हणाली. मी म्हटलं, आलो होतो की. तुमच्याच जातीचा एक डॉक्टर म्हणाला, वय झालं.

लोक म्हणतात, रागानं तळपायाची आग मस्तकात जाते. माझी कुठून जाणार, तळपाय तर मेलेले. पण त्या दिवशी मस्तकात जी आग होती ती होतीच. गल्लीतल्या त्या दवाखान्यावर जाऊन त्याची पाटी काढून फेकावी असं वाटत होतं. उठलो असतो तर फेकलीच असती. पायाला बांधलं होतं म्हणून तो वाचला.

वॉर्ड

दोन बोटं काढली. आधी एक म्हणाले होते, मग आत गेल्यावर दोन. याबद्दल फार लिहीत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा पहिला विचार आला तो सुकाणूचा. तांडेल उभा राहतो तो पायाच्या बाहेरच्या कडेवर जोर देऊन. लाट आली की करंगळी फळीला धरते. हे मला आधी कधी कळलं नव्हतं, ती गेल्यावर कळलं.

वॉर्डात सगळं वेळेवर. पहाटे सुई, मग नाश्ता, मग ड्रेसिंग, मग पुन्हा सुई. ड्रेसिंगची गाडी यायची तेव्हा तिचं एक चाक करकरायचं. बाकीचे लोक त्या आवाजानं कण्हायला लागायचे. मला काही दुखायचं नाही, आणि दुखत नाही याचीच भीती वाटायची. शेजारच्या खाटेवर संगमेश्वरकडचे एक शेतकरी काका होते. त्यांचा पाय घोट्याच्या वर कापला होता. ते रोज सकाळी पांघरूण उचलून बघायचे आणि पुन्हा घालायचे. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघायचोच. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, साखर आवरली नाही आणि पाय सांभाळला नाही, तर पुढची पाळी तुमच्या घोट्याची.

चांगलं म्हणावं असंही काही होतं. वॉर्डातल्या मावशी खिडकी थोडी उघडी ठेवायच्या. तिथून समुद्र दिसत नव्हता, पण वारा खारा यायचा. सिस्टर ओरडली की मावशी खिडकी लावायच्या आणि ती गेली की पुन्हा उघडायच्या. शालन पेज आणायची, बाईला विचारून, अगदी पातळ. मीठ टाकून ती पेज प्यायलो की जीव ठिकाणावर यायचा.

मनोहर यायचा तो उभाच राहायचा. माझ्या पायाकडे तो एकदाही बघत नव्हता. होडी आता तो नेत होता. कुठे गेलो, काय मिळालं, एवढं सांगायचा आणि येताना आणलेली पाण्याची बाटली घटाघट स्वतःच संपवायचा. एकदा म्हणाला, दादा, तू आता जेटीवर बस. जाळी शिव. एवढी वर्षं केलंस, आता वय झालं.

मी उशी फेकून मारली. सिस्टर धावत आली. मनोहर उशी उचलून खाटेवर ठेवून निघून गेला. शालन म्हणाली, भावजी वाईट वाटून बोलले. मी म्हटलं, मीही वाईट वाटूनच उशी फेकली.

न मरणारे म्हातारे

एकदा ड्रेसिंग करताना मी बाईला विचारलं, की पायाचं समजलं, काटा गेला, पण माझ्या हाताची बोटं का सुजत होती, खांदा का धरला होता, सगळ्या अंगात कणकण का होती? तेसुद्धा साखरेचंच की ते खरंच वयाचं?

ती कामात होती, पण तिनं सांगितलं. मला कळलं तेवढं लिहितो. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. जुन्या झालेल्या पेशी मरतात, नव्या येतात. पण काही पेशी म्हाताऱ्या होतात आणि मरत नाहीत. काम करत नाहीत, जागा सोडत नाहीत, आणि वर काहीतरी पाझरत राहतात, त्यानं शेजारच्या चांगल्या पेशीसुद्धा बिघडतात. त्यातून अंगात आतल्या आत बारीक सूज धुमसत राहते. वयानं हे सगळ्यांचंच होतं. पण साखर जास्त असली की लवकर होतं आणि जास्त होतं. तुमच्या खांद्यालाही हे कारण असेल, नुसतं वय नाही, असं ती म्हणाली.

मग गोळीचं सांगितलं. मेटफॉर्मिन. जुनी, साधी गोळी. तिनं साखर तर उतरतेच, पण ही आतली सूजही थोडी शमते असं शोध करणाऱ्यांना दिसतंय. दिसतंय, काका, असं तिनं दोनदा म्हटलं. अजून पक्कं नाही. तुम्ही ती साखरेसाठी घ्यायची, जेवणाबरोबर घ्यायची, आणि चुकवायची नाही.

मी ऐकत होतो, आणि बाईला कळणार नाही अशी एक गोष्ट माझ्या मनात आली. काम करत नाही, जागा सोडत नाही, आणि शेजाऱ्यांना त्रास. जेटीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्या होडीला नावं ठेवणारे म्हातारे मी लहानपणापासून बघितलेत. मनोहर मला त्यांच्यात नेऊन बसवत होता. मला त्या पेशींचा राग आला आणि मनोहरचाही आला, आणि कुणाचा जास्त ते सांगता येणार नाही.

घरी जाताना बाईनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. पाऊल उघडं नको. अंगणात नको, घरात नको, न्हाणीघरात नको, देवळात गेलात तरी मोजे हवेत. रोज पाय हातानं चाचपायचा, तळवा आरशात बघायचा. मी विचारलं, आणि होडीवर? ती म्हणाली, होडीवर तर आधी. तिला काय ठाऊक आमच्या होडीचं.

गोळ्या कुठे जातात

पावसाळा घरात गेला. गोळी घेत होतो. सुरुवातीला पोट बिघडलं, मग बाईनं सांगितलं तशी जेवणाच्या मध्ये घ्यायला लागलो आणि निभलं. साखर उतरली. हाताची सूज हळूहळू कमी झाली, पुन्हा जाळ्याच्या गाठी मारायला लागलो. ते गोळीमुळे की साखर उतरल्यामुळे की दुसऱ्या कशामुळे, ते देव जाणे.

पण शालनच्या ध्यानात आलं की गोळ्यांची पाकिटं लवकर संपतायत. तिनं मला विचारलं, विसरून दोनदा घेता काय? मी चिडलो. म्हटलं, आता डोकंही गेलं म्हण माझं. दोघं एकमेकांवर धुमसत होतो, आणि एक दिवस चहाला आलेला मनोहर उठला, फळीवरच्या डब्यातून माझी गोळी काढली आणि चहाबरोबर घेतली. आमच्यासमोर. चोरीबिरी काही नाही, सरळ आपली समजून.

विचारलं तर म्हणाला, फोनवर आलंय. या गोळीनं म्हाताऱ्या पेशी गप्प बसतात, माणूस तरुण राहतो. मोठमोठे लोक घेतात म्हणे. त्यानं मला तो व्हिडिओही दाखवला. एक गुळगुळीत माणूस हसत हसत सांगत होता. आणि मनोहर एकटाच नव्हता. नंतर कळलं की वाडीत बऱ्याच जणांनी कुणाकुणाच्या डब्यातून अशा गोळ्या चालू केल्या होत्या. ज्यांना बाईनं कळवळून सांगितलं ते घ्यायला विसरतात, आणि ज्यांना कुणी सांगितलं नाही ते चघळतात.

मी म्हटलं, "मन्या, आधी साखर तपास. मग गोळी खा."

तो म्हणाला, "मला काय झालंय? मी तरुण राहायला खातोय."

"आपल्या आयशीचा पाय आठव."

"आयशीला बाधा होती."

आमच्या आईचा पाय शेवटी काळा पडला होता. सगळे म्हणाले होते, बाहेरची बाधा. तेव्हा आम्ही कोंबडं दिलं, गाऱ्हाणं घातलं. आता मला ठाऊक आहे ती बाधा कसली होती, पण मनोहरला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तो बारीक झाला होता. गालफडं बसली होती. तेही त्यानं गोळीच्याच खात्यावर टाकलं, म्हणाला, बघ, चरबी झडली. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, ऊन केवढं आहे. पावसाळ्यात कसलं ऊन मेल्या, असं मी विचारलं, तर वहाणा घालून चालू पडला.

बाईला सांगितलं तेव्हा ती माझ्यावरच उखडली. दुसऱ्याच्या डब्यातली गोळी कुणी घ्यायची नाही, मूत्रपिंड कसं आहे ते बघितल्याशिवाय तर नाहीच, आणि तुमचा सख्खा भाऊ आहे, आईचं असं झालं होतं, त्याला आधी घेऊन या. मी म्हटलं, बाई, तुम्ही येऊन त्याला गळ टाकून ओढा, माझं तर तो ऐकत नाही. मी शेवटी डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. भावापासून औषधाला कुलूप लावायची वेळ आली.

बूट

हंगाम जवळ आला तशी माझी घालमेल सुरू झाली. मला होडीवर जायचं होतं. सुकाणू धरू द्या, नाहीतर नुसतं बसू द्या, पण जायचं होतं. जेटीवर बसलो असतो तर मी त्या म्हाताऱ्यांमधला एक झालो असतो आणि पुन्हा उठलो नसतो. हे मला दुखण्यापेक्षा जास्त खात होतं. पण अनवाणी चढलो तर पाय जाणार आणि बूट घालून चढलो तर लक्ष्मी बाटणार.

मार्ग शालननं काढला. एका संध्याकाळी मासे कापता कापता तिनं मला विचारलं, होडीवर चप्पल का चढत नाही? मी म्हटलं, नाही चढत. ती म्हणाली, ते झालं हो, पण का? रस्त्यावरची घाण वर जाते म्हणून ना? मग जे बूट रस्त्याला लागलेच नाहीत त्यांचं काय?

दुसऱ्या दिवशी तिनं बाईनं सांगितलेल्या मापाचे, मऊ तळव्याचे बंद बूट आणले. मी रस्त्यावर घालतो तसेच, पण कोरे. ते तिनं जमिनीला लावू दिले नाहीत. पाटावर ठेवले, हळदकुंकू लावलं आणि धुतलेल्या पंच्यात गुंडाळून वर टांगले. म्हणाली, हे होडीवर चढतील आणि होडीवरच राहतील, खाली उतरायचे नाहीत. एवढी वर्षं मी तांडेल, आणि ही गोष्ट मला सुचली नाही.

मनोहरला सांगायला मी स्वतः गेलो. त्याचा चेहरा घट्ट झाला. म्हणाला, बापानं चढवली नाही, तू चढवलेली नाहीस, मी चढवू देणार नाही. आणि मागचा हंगाम वाईट गेलाय, वाडीतले आधीच बोलतायत. दादा, तुला चढायचं तर अनवाणी चढ, नाहीतर खाली बस. मी म्हटलं, अनवाणी चढून मी पाय दिला तर तुझी लक्ष्मी तो परत देणार आहे काय? तो आत गेला. त्यानंतर नारळी पुनवेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दोन घरांमध्ये एक भिंत, आणि शालन आणि माझी भावजय त्या भिंतीवरून वाटी इकडून तिकडे देत राहिल्या.

नारळ

पुनवेच्या सकाळी होडी सजवली होती. पताका, आंब्याच्या पानांचे टाळे, नाळेला झेंडूची माळ. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. पूजा तिथे होते. मनोहर कोऱ्या धोतरात, अनवाणी. त्यानं गाऱ्हाणं घातलं. एक नारळ समुद्राला दिला, दुसरा नाळेवर फोडला. करवंटीचे तुकडे उडाले, पाणी फळ्यांवर सांडलं, खलाशांनी खोबरं गोळा केलं.

मी फळीपर्यंत रस्त्यावरच्या बुटांनी गेलो. फळीच्या टोकाला होडीच्या काठावर बसलो, ते बूट काढून शालनकडे दिले आणि नव्या बुटांवरचा पंचा सोडला. पाय हवेतच ठेवून कोरे बूट चढवले. मग पाय आत टाकले आणि उभा राहिलो.

सगळे माझ्या पायांकडे बघत होते.

मनोहर नाळेवरून माझ्याकडे निघाला. भराभर, ठणठणीत चालत. म्हणाला, "दादा, उतर. आजच्या दिवशी तमाशा नको."

मी उत्तर देणार होतो. कितीतरी दिवस घोटून घोटून ठेवलेलं उत्तर होतं, शिव्यांसकट. पण सगळे माझ्या पायांकडे बघत असताना मी खाली त्याच्या पायांकडे बघितलं, आणि त्याच्या मागे नाळेपासून माझ्यापर्यंत, धुतलेल्या फळ्यांवर, डाव्या पावलाचे लाल ठसे होते.

तो बोलतच होता. बाप, लक्ष्मी, वाडी. डाव्या पायावर जोर देऊन उभा होता.

"मन्या," मी म्हटलं, "खाली बस."

"मी कशाला बसू? तू उतर."

"पाय बघ तुझा."

त्यानं बघितलं. पाय उचलला तेव्हा तळव्यात करवंटीचा तुकडा दिसला, चांगला आतपर्यंत रुतलेला, आणि त्यावरून तो अख्खी होडी चालत आला होता. त्याचा चेहरा पांढराफटक झाला. माझा ताटलीतला काटा बघताना माझा चेहरा असाच झाला असेल.

"मला लागलं नाय," तो म्हणाला. लहान पोरासारखा म्हणाला. "दादा, मला लागलंच नाय."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. मी त्याला खांद्याला धरून काठावर बसवला. त्या पंच्यानं पाय बांधला, तुकडा तसाच ठेवून, बाई काढील म्हणून. तोंडातून शिव्या चालू होत्या. आयशीच्या बाधेला, फोनमधल्या त्या गुळगुळीत माणसाला, गल्लीतल्या डॉक्टरला आणि त्याला. मग शालनला म्हटलं, माझे ते बूट दे इकडे.

ती एकदम दचकली. ते रस्त्यावरचे होते. चिखल, शेण, मासळीबाजार, सगळं त्यांच्या तळाला होतं. तिनं दिले. मी उजवा बूट मनोहरच्या उजव्या पायात घातला, होडीवर, नाळेसमोर, पूजेच्या फुलांत.

"दादा," तो हळूच म्हणाला, "हे रस्त्यावरचे आहेत."

"गप बस. एक तरी शाबूत राहू दे."

दोघा खलाशांनी त्याला काखेत हात घालून फळीवरून उतरवला. मी होडीवरचे बूट होडीवर काढून ठेवले, शालननं जेटीवरच्या मनोहरच्या वहाणा माझ्या मोज्यांवर चढवून दिल्या आणि मी मागून गेलो. रिक्षात अख्ख्या वाटेनं मी त्याला शिव्या घातल्या. त्यानं माझा हात धरला होता.

बाईनं त्याला बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. तुकडा काढला. नर्सनं मशीन पुसून पुन्हा सुई टोचली तेव्हाच मला कळलं. त्याचा आकडा माझ्यापेक्षा वर होता, माझ्या गोळ्या खाऊनसुद्धा. बाई म्हणाली, आज आणलात ते बरं केलंत, हा पाय बहुतेक वाचेल. मग तिनं तो बारीक दोरा काढला आणि त्याला डोळे मिटायला सांगितलं. मी दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. ते मला बघवणार नव्हतं.

आतून तिचा आवाज आला. तिनं विचारलं, पायाला मुंग्या येत होत्या का?

"येत होत्या," मनोहर म्हणाला. "पण मला वाटलं, वय..."

एवढं बोलून तो थांबला, कारण दारातून त्याला दिसलं की मी बाकावरून उठलोय.